कशाचं धडधाकट

आमच्यात आईनं स्वतःच्या लेकराला चांगलं म्हणायचं नसतं. दुसरं कुणी म्हणालं, "काय गुटगुटीत हो पोरगं," की आईनं लगेच त्यावर माती लोटायची. "कशाचं गुटगुटीत, रातभर खोकायलंय." खोकत-बिकत काही नसतं ते, पोटभर पिऊन झोपलेलं असतं. पण असं म्हटलं की नजर लागत नाही. दुसरं घर बघायला निघून जाते.

सासऱ्यांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव टोपल्यात भरून गोदावरीत सोडले म्हणे. मी नांदायला आले तर भिंतीत नुसता रिकामा कोनाडा, त्यात कंदील ठेवायचे. मीठ-मोहऱ्या उतरवणं बंद, काळा टिक्का बंद, लिंबू-मिरची बंद. सासरे म्हणायचे, "नजरेनं माणूस मरत असता तर सरकारनं फौज कशाला पोसली असती? चार म्हाताऱ्या नसत्या का बसवल्या सीमेवर?" हसून हसून पोट दुखायचं. सगळं सुटलं आमचं. बायांच्या जिभेवरची ही एक गोष्ट तेवढी टोपल्यात जायची राहिली. डोळ्याला दिसत नव्हती ना, म्हणून राहिली असंल.

माझी धाकटी जाऊ यात सगळ्यांच्या पुढं. तिला कारण होतं. तिची दोन लेकरं पाळण्यात गेली, मग हा एक जगला. तो तापला तरी भ्यायची अन् हसला तरी भ्यायची. लहानपणी त्याला बाजारात नेलं तर अंगात मळका सदरा घालून न्यायची. पुढं बाप गेला अन् तो एकटाच तिचा आधार राहिला, मग तर बघायलाच नको. पोरगा वाढला सागाच्या खांबासारखा, अन् ही सांगत फिरायची, "वरून दिसतंय तसं. आतून पोकळ हाय."

मला तो मोठी माय म्हणायचा. माझ्या हातची ज्वारीची भाकर मोडता मोडता आईला चिडवायचा. पोलिस भरतीला गेला होता एकदा. धावण्यात निघाला, छातीच्या मापात निघाला, लेखी परीक्षेत थोडक्यात राहिला. घरी आला अन् म्हणाला, "मोठी माय, बरं झालं भरतीवाल्यानी मायला इचारलं न्हाई. ती म्हणली असती, टेप ठेवा साहेब, आतून पोकळ हाय."

धाकटी चुलीपुढून म्हणाली, "मग काय खोटं हाय? जरा चाललास की धाप लागती."

"माय, मी सोळाशे मीटर पळून आलोय."

"म्हणूनच लागली आसंल."

असं चालायचं.

भरती हुकली तसं त्यानं मोटारी भरायचं काम शिकून घेतलं. शेतातली पाण्याची मोटार जळली की तिची जुनी तार काढून नवी गुंडाळायची, त्याला आमच्याकडं मोटार भरणं म्हणतात. तालुक्याच्या गावाला छोटं दुकान टाकलं. लग्न झालं, मुलगी झाली. सून चांगली, बारावी शिकलेली, तोंडानं फटकळ पण मनाची साफ. कोणतं तालुक्याचं गाव, कोणतं ठाणं, ते मी लिहीत नाही. नावंही कुणाची लिहीत नाही. केस चालू आहे, वकीलताईनं तंबी दिलीय.

त्या साली शिवारातल्या मोटारी चोरीला जायला लागल्या. आतली तांब्याची तार काढून विकायचे चोरटे. तार म्हटलं की मोटार भरणारा पहिला डोळ्यापुढं येतो. एका संध्याकाळी दोघं जण दुकानात आले. "चौकशीला चल, लगेच येशील." शेजारच्या टेलरनं नंतर सांगितलं की त्यानं शटर अर्धंच ओढलं होतं. कुलूप नाही लावलं. यायचंच होतं ना माघारी.

सून ठाण्यात डबा घेऊन गेली. डबा घेतला, भेटू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी गेली तर कालचा डबा माघारी दिला. तिनं बाहेर येऊन उघडला. भाकरी तशाच, वांग्याची भाजी तशीच. झाकणाला हातसुद्धा लागला नव्हता.

तिसऱ्या सकाळी निरोप आला. छातीत कळ आली, परभणीला दवाखान्यात नेलं, वाटेतच गेला.

आमचे मालक, सून, गावातली माणसं, सगळे परभणीला पळाले. तिथं ठरलं की गुन्हा दाखल केल्याशिवाय मयत ताब्यात घ्यायची नाही. घरी आम्ही बायाच. धाकटी भिंतीला टेकून बसलेली. रडतही नव्हती. सांगितलं होतं तिला, शब्द कानात गेले होते, पण अजून तिनं लेकरू डोळ्यानं बघितलं नव्हतं. दारात गाडी वाजली की मान वर करायची.

त्या दुपारी एक हवालदार आला. साध्या कपड्यातला, वय झालेला, बोलायला गोड. चप्पल बाहेर काढली. खाटेवर न बसता खाली सतरंजीवर बसला. सोबतच्याच्या हातात पॅड. हवालदार म्हणाला, "माय, लय वाईट झालं. मीबी लेकरावाला माणूस हाय." मी चहा ठेवला. कोणीही आलं तरी चहा ठेवायचा, हात आपोआप वळतात.

भिंतीवर लग्नातला फोटो होता. हवालदार त्याच्याकडं बघत म्हणाला, "पोरगं तर चांगलं धडधाकट दिसायलंय की हो माय."

अन् धाकटी बोलली. निरोप आल्यापासून पहिल्यांदा बोलली. "कशाचं धडधाकट, बाबा. वरून दिसतंय तसं. आतून पोकळ हाय. जन्मापासून छातीचं दुखणं. जरा चाललं की धाप लागती."

मी चहा गाळत होते. माझ्या कानावर पडलं, अन् मला काही खटकलं नाही. तिचं ते रोजचंच. आमच्या गल्लीतल्या कुठल्याही बाईला खटकलं नसतं. तिच्या लेखी लेकरू अजून माघारी यायचं होतं, अन् परक्या माणसाची नजर त्याच्या फोटोवर होती. तिनं जे आयुष्यभर केलं तेच केलं. त्याला झाकलं.

त्यांनी लिहून घेतलं, तिचा अंगठा घेतला. चहा पिऊन गेले. कपबशा मोरीत ठेवायला निघाला होता तो हवालदार, मीच म्हणाले राहू द्या.

मग मयत आली. तपासणी झाली, आश्वासन मिळालं, चौकशी लावतो म्हणाले, म्हणून मालकांनी सही केली. अंघोळ घालताना गड्यांनी बायांना लांब ठेवलं होतं. पण पायाकडची चादर सरकली अन् धाकटीनं बघितलं. मीही बघितलं. तळपाय काळेनिळे, फुगलेले. ती त्या पायाशी बसली. हातात घेऊन चोळायला लागली, लहानपणी ताप आला की चोळायची तसं. मग माझ्याकडं बघून अगदी हळू म्हणाली, "बाई, छातीचं दुखणं तळपायाला येतंय का कधी?"

तेव्हापासून आम्ही बसतोय. परभणीला, कलेक्टर कचेरीच्या बाहेर, लिंबाच्या झाडाखाली. समाजातली पोरं मांडव टाकून देतात, ऊन फिरलं की काढून फिरवतात. मागं त्याचा तोच लग्नातला फोटो मोठा करून लावलेला. आम्ही आठवड्याच्या आठवड्याला येतो, एसटी मिळाली तर एसटीनं, नाही तर जीपमध्ये कोंबून. मागणी एकच. मारणारावर खुनाचा गुन्हा लावा. गावातले म्हणतात, "मोठी माय, सरकारशी भांडून कुणाचं भलं झालंय?" मी म्हणते, "आमचं भलं व्हायचं राहिलंय कुठं आता? खरं काय ते तर निघंल."

वकीलताई आमच्यासाठी फिरायची. परभणीतच वाढलेली, तिशीतली, एका खांद्यावर पर्स अन् एका खांद्यावर कागदाची पिशवी. एक दिवस ती मांडवात आली ती तोंड पाडूनच. कागदाच्या नकला मिळाल्या होत्या. तिनं वाचून दाखवलं, "मयताची आई जबाबात सांगते की, माझ्या मुलास जन्मापासून छातीचा विकार होता, थोडे चालले तरी धाप लागत असे." खाली अंगठा.

"डॉक्टरच्या कागदात मुका मार आहे," ताई म्हणाली. "पण ते म्हणतायत, किरकोळ आहे, मेला तो जुन्या दुखण्यानं. आईच सांगते. आजी, तुम्ही असं का सांगितलं? कुणी धमकावलं का? काही दिलं का?"

धाकटी म्हणाली, "मी तसं कुठं म्हणले?" मग स्वतःच्या अंगठ्याकडं बघून, "म्हणले आसंल. मी तर नेहमीच म्हणती."

सून उठली. सगळ्यांच्या देखत म्हणाली, "आत्याबाई, त्यांनी काठीनं मारलं. तुमी तोंडानं मारलं."

त्या दिवसापासून सून सासूशी बोलायची बंद झाली. एका घरात राहून. ताट वाढायची अन् लेकीच्या हातानं पाठवायची. धाकटी त्या पोरीला विचारायची, "तुझी माय जेवली का?" पोरगी आत जाऊन विचारायची, बाहेर येऊन सांगायची, "जेवली म्हण म्हणली." म्हणजे नव्हती जेवलेली. सुनेचाही जीव तसाच जळत होता, मला काय दिसत नव्हतं? मी दोघींच्या मधी बसायचे. कुणाला काय बोलणार? दोघी खऱ्या होत्या.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा मांडवात. वकीलताई बाजूला बसून कागद लावत होती. सोनपेठकडची एक बाई कचेरीच्या कामाला आलेली, फोटोपुढं थांबली. तोंडाला पदर लावून म्हणाली, "काय देखणा गडी हो. कसं उंचपुरं, धडधाकट लेकरू."

धाकटी मान खाली घालून म्हणाली, "कशाचं धडधाकट, माय. वरून दिसतंय तसं."

वकीलताईच्या हातातले कागद तसेच राहिले. तिनं धाकटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "हे... हे असं नेहमी म्हणतात?"

मी म्हणाले, "ताई, तुमची आजी म्हणत नव्हती का?"

तिनं कागद मांडीवर ठेवले. मग म्हणाली, "मला काळी म्हणायची. 'हिला कोण करून घेतंय, कोळशासारखी,' असं आल्यागेल्याला सांगायची. मी वकील होईपर्यंत तिच्यावर रागावून होते." अन् डोळे पुसले. दस्ती सापडेना म्हणून ओढणीनंच पुसले.

सून मांडवाच्या खांबाला टेकून हे सगळं ऐकत होती. त्या दिवशी संध्याकाळी ताट तिनं स्वतः आणून ठेवलं. जोरात ठेवलं, आमटी सांडली. पण स्वतः आणून ठेवलं.

ताईनं सांगितलं की चौकशी करणाऱ्या मॅजिस्ट्रेट साहेबापुढं आईला पुन्हा बयान देता येईल. तिथं तिनं सरळ सांगायला पाहिजे की माझा मुलगा निरोगी होता. दुसरं काही नको. एवढंच.

एवढंच म्हणजे किती, ते आम्हाला नंतर कळलं. घरी सराव घेतला. सून साहेब झाली, खाटेवर बसली. बोलणं अजून धड सुरू झालं नव्हतं त्यांचं, पण हे करायला बसली.

"तुमचा मुलगा कसा होता?"

"होता तसा बरा."

"बरा न्हाई, आत्याबाई. निरोगी. धडधाकट. म्हणा."

धाकटीनं तोंड उघडलं. मिटलं. "जेवायचा बरा."

"म्हणा की."

"म्हणती की. घाई कामून करायलीस?" अन् पदर तोंडाला. मी म्हणाले, अगं, मी म्हणते तसं माझ्यामागं म्हण, बुद्धवंदना म्हणतो तसं. माझं, तर माझं. लेकरू, तर लेकरू. धडधाकट म्हटलं की तिचा आवाजच जायचा. ओठ हलायचे, आवाज नाही. सून वैतागली, "चोरी कबूल करायला सांगायलो का आमी?" मग स्वतःच रडायला लागली. नात तेवढी टाळ्या पिटत म्हणायची, "मी म्हणू? धडधाकट, धडधाकट!" धाकटीनं तिच्या तोंडावर झटकन हात ठेवला. "असं म्हणू नये गं बापाला," म्हणाली. बाप जाऊन किती महिने झालेले, अन् ही अजून राखण करायली.

बयानाच्या दिवशी मला तिच्यासोबत आत बसू दिलं. तिला एका कानानं कमी ऐकू येतं म्हणून ताईनं परवानगी काढली होती. सून बाहेर बाकावर. खोली साधीच. साहेब तरुण, चष्म्यातला. बाजूला टाइप करणारा एक जण.

साहेबांनी नाव-गाव विचारलं. पाणी दिलं. मग विचारलं, "आजी, मुलाला काही आजार होता का?"

तिनं पदराचं टोक मुठीत धरलं. पंखा तेवढा वाजत होता.

साहेब म्हणाले, "घाबरू नका. आधीच्या जबाबात तुम्ही छातीचं दुखणं सांगितलंय. ते खरं आहे का?"

धाकटी म्हणाली, "साहेब, छाती पोलिसांनीच मोजली की."

"म्हणजे?"

"भरतीला गेल्ता. परभणीच्याच मैदानावर. तेनी टेप लावून मोजली. श्वास सोड म्हणले, मोजली. श्वास भर म्हणले, मोजली. पास केलं. तवा पोकळ नव्हती का त्याची छाती? तवा ह्यांच्यात घ्यायची व्हती तर चांगली व्हती, अन् आता..." ती थांबली. मग जे सुरू झाली ते थांबेचना. विहिरीतून पाच एचपीची मोटार दोघं मिळून काढतात ती तो एकटा खांद्यावर टाकून काढायचा. मोठा झाल्यापासून तापानं कधी निजला नाही. दवाखान्याची पायरी माहीत नव्हती, आईच्या कानासाठी चढला तेवढीच. वालूरला तिच्या माहेरी लग्न होतं, जीप बंद पडली तर सगळं वऱ्हाड आत बसवून यानं एकट्यानं ढकलत नेली अन् वर गाणं म्हणत होता. "मी खोटं बोलत व्हते साहेब. सगळ्यांशी. तो जगावा म्हणून बोलत व्हते." अन् मग सरळ बसली, पदर सारखा केला, अन् मोठ्यानं, बहिऱ्या माणसाला सांगतात तसं म्हणाली, "माझं लेकरू धडधाकट व्हतं."

टाइप करणाऱ्यानं लिहिलं. मग साहेबांनी त्याला वाचून दाखवायला सांगितलं. त्यानं वाचलं, पुस्तकी भाषेत, "माझा मुलगा पूर्णपणे निरोगी व धडधाकट होता."

धाकटी पुढं झुकली. चांगला कान पुढं केला. "पुन्हा एकदा वाचा की, बाबा."

त्याला वाटलं काही चुकलं. "काय बदलायचं आहे का आजी?"

"न्हाई. बदलू नगा. वाचा नुसतं."

त्यानं साहेबांकडं बघितलं. साहेबांनी मान हलवली. त्यानं पुन्हा वाचलं, या वेळी जरा सावकाश.

बाहेर आल्यावर ताईनं समजावून सांगितलं की पहिलं बयान काही खोडत नाहीत. ते तिथंच राहतं. त्याच्या शेजारी हे लागतं. पुढं मोठ्या कोर्टात दोन्ही वाचली जातील, एकामागून एक, अन् कोणतं खरं ते तिथं ठरेल. धाकटीनं मान डोलावली. कळलं असावं. नसेल कळलं तर मी घरी सांगितलंच.

बसस्टँडवर पाथरीची गाडी लागली, निघाली. आमची यायची होती. सुनेनं मला विचारलं, "म्हणल्या का?" मी म्हणाले, "म्हणली. ऐकून बी घेतलं, दोनदा." सून उठली, बाटली भरून आणली, झाकण उघडून सासूच्या हातात दिली. त्या दोघींचं तेवढंच झालं. मला तेवढं पुष्कळ वाटलं.

पाणी पिऊन धाकटी म्हणाली, "बाई, त्याच्या तोंडावर मी एकदाबी म्हणले न्हाई."

"काय?"

"हेच."

"त्याला ठाऊक होतं गं. हसायचा की तुला."

"ठाऊक आसलं तरी," ती म्हणाली.

चौकशीचा अहवाल गेला म्हणतात वर. तारखा पडतात, आम्ही जातो. गुन्हा अजून आम्ही म्हणतो तसा लागलेला नाही, मारणारे नोकरीवर आहेत. मांडव लिंबाखालीच आहे. फोटोचा रंग उन्हानं उडायला लागलाय, नवा करायचा म्हणतात पोरं. अजूनही कुणी ना कुणी फोटोपुढं थांबतं अन् म्हणतं, काय धडधाकट लेकरू हो. धाकटी मान वर करते.

"हो," म्हणते. "होता."

अन् तोंड तसंच थोडं उघडं राहतं तिचं. पुढचं वाक्य यायची जागा असते ना तिथं, इतक्या वर्षांची. ते आता येत नाही.